साकोलीच्या चौकातलं अस्वल

बाबांचा उजवा डोळा अस्वलाने काढला, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. मोहफुलं वेचायला ते जंगलात गेले, अस्वल अंगावर आलं आणि त्यांनी कुऱ्हाडीने त्याला पळवून लावलं, असं मी त्यांच्याच तोंडून ऐकत आले. ही गोष्ट निघाली की आई काहीतरी काम काढून आत जायची.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. आई-बाबा दोघांना घेऊन मी एसटीने साकोलीच्या दवाखान्यात निघाले. उतरून चौकाकडे वळलो आणि बाबा एकाएकी थांबले. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

समोर रस्त्याच्या कडेला, दोन पायांवर उभं अस्वल.

मीही गार पडले. मग कळलं, प्लास्टिकचं आहे. काळ्या नळ्या चिरून केलेले केस, तेलाच्या कॅना कापून केलेली नखं, छातीवर दुधाच्या पिशव्यांचा पांढरा पट्टा. पलीकडे तसाच एक सारस आणि एक चितळ. कचऱ्यातून ही जनावरं करणारी मुलगी शिडीवर चढून सारसाची मान बसवत होती.

बाबांच्या धूसर डोळ्याला मात्र फक्त उभं अस्वल दिसत होतं.

"बाबा, खोटं हाय थे! प्लास्टिकचं हाय!"

तेवढ्यात माझ्या शेजारून आई पुढे गेली. साठी उलटलेली, गुडघे धरून जिने चढणारी माझी आई चक्क धावली. हातातली जेवणाच्या डब्याची पिशवी गरकन फिरवून तिनं अस्वलाच्या तोंडावर हाणली. "हो मांगं! हो मांगं, मेल्या!" पुन्हा हाणली. पुन्हा. जबडा निखळून रस्त्यावर पडला. लोक हसायला लागले, काहींनी मोबाइल काढले.

"अहो आजी, खरं नाही ते!" ती मुलगी शिडीवरून ओरडली.

आईनं अस्वलाला हात लावून पाहिला आणि तिथेच मटकन बसली.

"तू काहून धावली वं माय?"

उत्तर बाबांनी दिलं.

"तवा बी हीच धावली होती."

"म्हंजे?"

"कुऱ्हाड नव्हतीच माह्यापाशी. मी खाली पडलो होतो. हिनं मोहाच्या टोपल्यानं हाणून हाणून हाकललं त्याले." मग खाली बघत म्हणाले, "तू हिच्या पोटात होती."

मी आईकडे वळले.

"इतके वर्षं मले कायले नाही सांगितलं?" मी आईला विचारलं.

"तुह्या बाबाची इज्जत होती चारचौघांत," ती म्हणाली. "सांगून मले काय कराचं होतं?"

शिडीवरच्या मुलीनं उतरून पाणी आणून दिलं. मी जबड्यासाठी माफी मागितली. "राहू द्या, लावून घेते," ती म्हणाली. आई पदर सावरत उठली आणि अस्वलाकडे बघून तिला म्हणाली, "पोरी, डोळे लय मोठे केले तू. त्याचे बारके रायतात."

दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. परतीच्या एसटीत मी आईजवळ बसले. बराच वेळ तिच्या हातांकडेच बघत होते. शेवटी विचारलं, "तुले भेव नाही वाटला?"

"वाटला ना," ती म्हणाली. "पन हे खाली पडले होते ना."