खाली पिस्तूल

माझी शेवटची पोस्टिंग दिल्ली कँटला होती. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार, ते माझ्या ताब्यात. ड्यूटीवरून परतलेला प्रत्येक जण वाळूच्या पोत्यांकडे नळी करून शस्त्र खाली, म्हणजे रिकामं, करायचा. पिस्तुलाचा क्रम ठरलेला: आधी गोळ्यांचं मॅगझिन काढा, मग वरची स्लाइड मागे ओढा, मग नळीच्या मागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, गोळी उरली नाही ना ते बघा. मग शेजारच्यानेही बघायचं. कर्नलसाहेबांनाही सूट नव्हती. साहेब वैतागायचे, पण बघू द्यायचे.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि द्वारकेला मुलीच्या सोसायटीतच फ्लॅट घेतला. जावई समीरराव केंद्र सरकारच्या नोकरीत. मानेसरच्या त्यांच्या प्लॉटवरून कुणीतरी फोनवर धमकावलं, म्हणून त्यांनी खटपट करून शस्त्राचं लायसन्स मिळवलं. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल, हे ठरवायला एका रविवारी मला चहाला बोलावलं.

त्यांचा गुरुग्रामचा मित्र रोहित आधीच सोफ्यावर बसला होता. कमरेला बत्तीस बोरचं पिस्तूल. रिव्हॉल्व्हर आता बुजुर्गांकडेच दिसतं, पिस्तुलाचा रुबाब वेगळा, असं त्याचं म्हणणं. मेहुण्याच्या वरातीत हवेत गोळ्या झाडल्याचा व्हिडिओही त्याने दाखवला. समीरराव हसत होते. या लोकांना शस्त्र म्हणजे लग्नातला फेटा वाटतो. मला शिसारी आली, पण मुलीचं घर म्हणून चहा घेत राहिलो.

विचारलंच होतं, म्हणून सांगितलं. रिव्हॉल्व्हरचा घोडा जड, गोळ्या पाच-सहाच, पण उघडलं की सगळ्या समोर दिसतात. एखादी उडाली नाही तर पुन्हा घोडा दाबायचा. पिस्तुलात गोळ्या जास्त, पण अडकलं तर हाताला सराव लागतो आणि चेंबरमधली गोळी बाहेरून दिसत नाही. ज्याला दर महिन्याला रेंजवर जायचं नाही त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये. दोघेही माझ्याकडे न बघता फोनवर किमती शोधत होते.

मग रोहितने पिस्तूल काढलं, स्लाइड खटकन मागे ओढून सोडली आणि नंतर मॅगझिन बाहेर काढलं.

"देखिए अंकल, बिल्कुल खाली है."

क्रम उलटा झाला होता; मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली की त्यातली एक गोळी चेंबरमध्ये चढते. त्याने ते समीररावांच्या हातात दिलं. समीररावांनी एक डोळा मिटून पडद्यावर नेम धरला. पडद्यामागे स्वयंपाकघर, तिथे माझी मुलगी नंदिनी भजी तळत होती.

मी त्यांचं मनगट धरून नळी जमिनीकडे दाबली. "समीरराव, बोट काढा."

बोट निघालं. मी पिस्तूल घेतलं आणि स्लाइड ओढली. चेंबरमधली गोळी गालिच्यावर पडली.

"हो जाता है यार," रोहित म्हणाला. पडद्यातून नंदिनी बाहेर आली, हातात झारा. तिने गोळी पाहिली आणि नवऱ्याकडे पाहिलं. मग समीररावांनी मला विचारलं, "पण बाबा, रिव्हॉल्व्हरमध्ये असं होत नाही ना?"

खरी किळस मला तेव्हा आली. बायको समोर उभी आणि हा माणूस अजून खरेदीच करत होता. रोहितला मी दार दाखवलं. समीररावांना खाली बसवलं आणि लान्स नायक साळुंखेबद्दल सांगितलं. त्यांनी अजून शस्त्र घेतलेलं नाही.

साळुंखे कोरेगावचा. काश्मीरमध्ये माझ्या सेक्शनला होता. एका सकाळी गस्तीवरून सगळे सुखरूप परतले. थकव्यात एका जवानाने आधी स्लाइड ओढली, नंतर मॅगझिन काढलं. शेजारच्याने चेंबर बघायचं असतं, तेही राहिलं. पिस्तूल खाली आहे समजून त्याने घोडा दाबला. नळी पोत्यांकडे नव्हती. समोर साळुंखे बुटाची नाडी सोडत बसला होता.

साळुंखेचं पार्थिव घेऊन मी त्याच्या गावी गेलो. शहिदांच्या नावांत त्याचं नाव लागलं नाही, कारण लढाई नव्हती. त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, "समोर कोण होतं?"

मी घोडा दाबणाऱ्या जवानाचं नाव सांगितलं. ती त्याला ओळखत होती. गेल्या दिवाळीला तो तिच्या हातचं जेवून गेला होता.