तांदळातलं नाव

उस्मानपुऱ्यातल्या त्या संस्थेच्या बाईंनी माझी दोन कागदपत्रं, जुनं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड, शेजारी शेजारी ठेवली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "या दोघी कोण?"

"दोघी मीच."

"कागदावर तसं दिसत नाही."

बाई एकेकाळी मेट्रन होत्या, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायची सोय नव्हती. संसारापायी काम सोडून बसलेल्या आणि पुन्हा नर्सिंग शिकू पाहणाऱ्या बायकांची फी ही संस्था भरते. त्यात माझी निवड झाली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी मला कॉलेजात जागा मिळाली होती आणि आठवडाभरात फी भरली नाही, तर ती दुसरीला जाणार होती. घोडं अडलं होतं नावापाशी.

विशीत मी एएनएम झाले, खुलताबादजवळच्या एका आरोग्य केंद्रात कामालाही लागले. ते प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं. मग सिल्लोडला लग्न झालं. वरात घरी आली, ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही खुशीतच होते. नव्या साड्या मिळत होत्या, तसं नवं नाव मिळालं. सासूबाईंचं कारण सरळ होतं. नणंदेचं आणि माझं नाव एकच. "एका हाकेला दोघी ओ देणार, मंग काम कोण करणार?"

पुढच्याच वर्षी नणंदेचं लग्न झालं आणि तिच्या सासरी तिचंही नाव बदललं. म्हणजे आमच्या घरात ते नाव वीस वर्षं रिकामंच पडून होतं. याचा मला कधी राग आला नव्हता. त्या टेबलासमोर मात्र आला, आणि चांगलाच आला.

"सरकारी राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या," बाई म्हणाल्या. "तूर्त अर्जाची पावती आणलीत तरी मी फी भरते."

संध्याकाळी घरी हे सांगितलं. नवरा म्हणाला, "सोपंय की. प्रमाणपत्रावर सासरचं नाव लावून घे."

"नाही. परीक्षा मी त्या नावानं दिली, केंद्रात बायकांची बाळंतपणं त्या नावानं केली. बदलायचं तर आधार कार्ड बदलीन."

त्यानं आईकडं पाहिलं. सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी ठेवलेलं नाव मी त्यांच्यासमोर परत करायला निघाले होते, आणि त्या एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नानंतर माझी नोकरीही त्यांनीच सोडायला लावली होती, तेव्हा मात्र पुष्कळ बोलल्या होत्या. सकाळी बघते तर लुगडं बदलून दारात उभ्या. "मी बी येते."

आता राजपत्राचा अर्ज भरायला सेवा केंद्रात गेलो की तमाशा होणार, असं मी धरूनच चालले. केंद्रातल्या माणसानं विचारलं, "जुनं नाव?" मी सासरचं सांगितलं. "नवं नाव?" मी माहेरचं सांगितलं. त्याची बोटं थांबली.

"ताई, उलटं सांगताय."

"सरळच सांगतेय. तुम्ही लिहा."

"मग कारण काय टाकू?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढं सरकल्या. "लिही बाबा. नाव तिचंच व्हतं. आम्ही घेतलं व्हतं, आता माघारी देतो."

त्यानं आपलं सरकारी भाषेत काहीतरी टाकलं. माझं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. वीस वर्षांत या बाईचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

तिथून आम्ही तडक संस्थेत गेलो. बाईंनी पावती उलटसुलट करून बघितली आणि माझ्या फीच्या कागदावर सही केली. "वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या पोरी असतील. लाजू नका."

"लाजायचं वय गेलं, मॅडम."

परतताना स्टँडकडं जाणाऱ्या रिक्षात सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला राहवलं नाही. "आत्याबाई, तुमचंही नाव बदललं होतं ना? माहेरी काय होतं?"

"काय करायचंय आता? त्या नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं नाय."

"सांगा तरी."

क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा त्यांनी ते हळूच सांगितलं. छोटंसं, दोन अक्षरी, गोड नाव होतं. सासूला नावानं हाक मारायची नसते, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी मी कुणाचं ऐकणार नव्हते. मी त्या नावानं खणखणीत हाक मारली.

"ओ," सासूबाई म्हणाल्या.