पिशवीतलं मांजर

कानाची पाळी चिमटीत धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बोल पोरी, आज कोणती पुडी उघडू?" असा एखादा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. आमच्या हॉटेलात तो रोज सकाळी दिसायचा. त्याच्या पुडीत इंग्रजी वाक्प्रचार असायचा.

मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका हॉटेलात काउंटरला होते. वेरूळ-अजिंठा दाखवणारे गाइड पोर्चमधल्या बाकावर बसून असायचे. पाहुणे आले की ज्याचा नंबर असेल त्याला मी हाक मारायची. सर त्या बाकावरचे सगळ्यात जुने. शाळेत कधी शिकवलं नाही, पण सगळे त्यांना सरच म्हणायचे. नंबर येईपर्यंत ते काउंटरला टेकून मला इंग्रजी शिकवत. मी पडेगावची, मराठी शाळेतली. पाहुण्यानं जरा भरभर काही विचारलं की माझी दातखीळ बसायची. ती सरांनीच सोडवली, खोटं कशाला बोलू?

"लेट द कॅट आउट ऑफ द बॅग," एकदा त्यांनी पुडी उघडली. "समज, शहागंजच्या बाजारात एकानं कोंबडी म्हणून पिशवीत मांजर बांधून दिलं. कुणीतरी पिशवीचं तोंड सोडलं की मांजर बाहेर! म्हणजे गुपित फुटलं. पण ध्यानात ठेव, बोलता बोलता चुकून फुटलं तरच असं म्हणायचं. ठरवून फोडलं, तर बिचाऱ्या मांजराला मधी आणायचं नाय."

"मग ठरवून फोडणाऱ्याला काय म्हणायचं, सर?"

"काय बी नाय. त्याला चहा पाजणं बंद करायचं." आणि स्वतःच खो खो हसले. त्यांचा चहा रोज मीच सांगायची.

त्याच हिवाळ्यात गाइडच्या परवान्याची परीक्षा निघाली. बाकावर एकही बाई नव्हती. मला त्या बाकावर बसायचं होतं, लई दिवसांपासून. पण मालकाला कळलं तर नोकरी जाणार, हे पक्कं. आधीच्या काउंटरवाल्यानं दुसरीकडं नोकरीची नुसती विचारणा केली, तर त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवला होता. आमचे बाबा अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या एकटीच्या पगारावर. म्हणून फॉर्म भरला तो गुपचूप. सांगितलं फक्त सरांना.

"पोटातच ठेवा हं, सर."

"अगं, मी काय गावभर दवंडी पिटणार हाय का?" असं म्हणत त्यांनी झोळीतून स्वतःचा टॉर्च काढून माझ्या हातात दिला. "लेण्यात बुद्धाच्या चेहऱ्यावर समोरून उजेड मारायचा नाय. बाजूनं मार. मग बघ तो कसा हसतो. हे पुस्तकात नसतंय." माझे डोळे भरून आले. सख्ख्या काकानं केलं नसतं एवढं हा माणूस करतोय, असं वाटलं.

त्याच दुपारी सर मालकाच्या केबिनमध्ये गेले. जाताना दार लावून घेतलं. मला एवढंच वाटलं, काही अडचण असेल बिचाऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी मालकानं बोलावलं. "गाइड होणार म्हणे तू? सरांनी सांगितलं म्हणून बरं झालं. परीक्षेच्या दिवशी मोठा ग्रुप येतोय, सुट्टी मिळणार नाय. त्या दिवशी काउंटरला दिसलीस तर नोकरी हाय. नाय दिसलीस तर परत येऊ नको."

मी बाहेर आले तर सर काउंटरला टेकलेले, हात कानाच्या पाळीवर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"तुम्ही सांगितलं?"

"अगं, बोलता बोलता निघालं ते मांजर..."

"दार लावून घेऊन कुणी चुकत नाय, सर."

त्यांनी कान सोडला. बाकाकडं बघत हळूच म्हणाले, "आम्हीच लई झालोत गं तिथं. आठ-आठ दिवस नंबर येत नाय. त्यात तू तरणी, इंग्रजी चांगलं..."

"ते कुणी शिकवलं?"

ते झोळी उचलून बाकाकडं निघाले.

"आज पुडी मी उघडते," मी म्हणाले. "केसानं गळा कापणं. अर्थ तुम्हाला ठाऊक हाय, वापर तुम्ही आत्ताच करून दाखवला."

परीक्षेच्या दिवशी मी काउंटरलाच होते. आलेल्या ग्रुपसाठी नंबर सरांचा निघाला. मी हाक मारली. ते माझ्याकडं न बघता गाडीत जाऊन बसले.

त्यांचा चहा मी पुन्हा कधी सांगितला नाही. त्यांनीही कधी मागितला नाही. ते बाकावरून सरळ गाडीकडं जायचे, कान न धरता.

पुढची परीक्षा निघायला वर्षं गेली. तोवर बाबा गेले, हॉटेल सुटलं. पण परवाना काढला मी. आणि मी बाकावर बसायला गेले तेव्हा सरांची जागा रिकामी होती. आदल्याच उन्हाळ्यात ते वारले होते. बाकावरचे म्हणाले, "तुला लई मानायचे. 'ती पोरगी एक दिवस येणार' म्हणायचे." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. माहीत होतं, तर अडवलं कशाला?

परवा वेरूळला एका पाहुण्या बाईनं विचारलं, इतकं छान इंग्रजी तुला कुणी शिकवलं? मी म्हणाले, कॉलेजात. ही थाप मी प्रत्येक ग्रुपला मारते. त्यांचं नाव माझ्या तोंडून निघत नाही. बघा ना, इथंही निघालं नाही.

मग मी झोळीतून त्यांचा टॉर्च काढला आणि बुद्धाच्या चेहऱ्यावर बाजूनं उजेड मारला. बाई म्हणाली, "अरे, हा हसतोय!"

मी मात्र त्या चेहऱ्याकडं बघितलं नाही.