लिंबाला अंगठा लावला की बाद

आमच्या खेळाच्या सरांइतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. कोथरूडमधल्या आमच्या महापालिकेच्या शाळेत ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने मैदानावर फक्कीच्या रेषा आखायचे. त्या रेषेवर कुणाचा पाय पडला की शिट्टी वाजे, मग तो पाय मुख्याध्यापिकाबाईंचा का असेना. धापा टाकणाऱ्या मुलींना ते विचारायचे, "पळताय, की भाजी आणायला निघालाय?" त्यांच्या पत्नी आम्हाला भूगोल शिकवत. एका स्नेहसंमेलनात लिंबू-चमच्याच्या शर्यतीत त्या पहिल्या आल्या, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, लिंबाला अंगठा लावलात. बाद!" बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत म्हणे. आम्ही भीतभीत चौकशी केली, तेव्हा सर म्हणाले, "घर शांत होतं. पेपर तपासून झाले."

हसत होतो आम्ही तेव्हा.

माझ्या बाकावर शबाना बसायची. आठशे मीटरला तिच्या मागे राहणं एवढंच माझं काम होतं. तिच्या वडिलांचं शाळेमागे गाद्यांचं दुकान होतं. मुलीने पळू नये असं त्यांचं मत, पण सर तीनदा दुकानात जाऊन बसले, तेव्हा कुठे ते म्हणाले, "जिल्ह्यात पहिली आली तर पुढं जाऊ दे. नाही तर बास."

जिल्हा स्पर्धेला पंच कमी पडले आणि दुसऱ्या वळणावर आमच्या सरांनाच उभं केलं. शबाना माझ्यापुढे चांगली वीस पावलं होती. तिने फीत तोडली, आम्ही सगळ्या नाचलो, आणि मग पाहिलं तर वळणावर सरांचं निशाण वर होतं. रेषेच्या आत तीन पावलं. बाद.

शबाना त्यांच्यापर्यंत चालत गेली. "सर, कुणीच बघितलं नव्हतं."

"मी बघितलं ना," सर म्हणाले.

पहिली मी आले. राज्य स्पर्धेला गेले आणि तिथे शेवटून दुसरी आले. शबानाचे बूट तिच्या वडिलांनी कुणाला तरी देऊन टाकले. दहावीनंतर तिचं लग्न होऊन ती कसबा पेठेत गेली. त्याआधी महिनाभर सर रोज शाळा सुटल्यावर त्या दुकानात जात होते. तिचे वडील त्यांना चहा पाजत आणि दर वेळी तेच सांगत, "सर, नियम तो नियम. तुम्हीच शिकवलंत पोरींना."

मी सरांशी पुढे कधी धड बोलले नाही. बक्षीस मात्र परत केलं नाही, हेही सांगायला हवं.

परवा कर्वेनगरच्या बसथांब्यावर ते भेटले. बाई गेल्या, गुडघे गेले. आवाज तेवढा तसाच. त्यांनी मला ओळखलं, आणि माझी चौकशी न करता म्हणाले, "तीन पावलं आत होती. निर्णय बरोबर होता."

"हो सर."

बस येतेय का ते त्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "त्या वळणावर मला उभं करू नका, एवढं म्हणता आलं असतं मला. सुचलंच नाही बघ."

बस आली. पायरी उंच होती. मी हात पुढे केला, तो घट्ट धरून ते चढले, आणि आत गेल्यावर खिडकीतून मला शोधत राहिले.