बिनडब्याचा वूफर

बळवंतराव गोळ्यांच्या स्वप्नात एके पहाटे वूफर, म्हणजे जाड आवाजाचा गोल स्पीकर, आला. काळा, परातीएवढा. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या मधोमध तरंगत होता आणि हळूहळू श्वास घेत होता. चहा पिताना त्यांनी लेकीला सांगितलं, तर अक्षया म्हणाली, "बाबा, यार, लोकांच्या स्वप्नात देव येतात!" आणि मानेसरच्या कारखान्याची बस गाठायला पळाली.

माणूस तसा साधा. केंद्र सरकारच्या एका कचेरीत चौतीस वर्षं फायली पुढे सरकवल्या, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. लग्न जमलं तेही तिथेच. प्रभाताई सेक्शन ऑफिसर, हे त्यांच्या हाताखाली असिस्टंट. आता घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे काय सांगायला हवं?

दोन वर्षांपूर्वी प्रभाताईंचे कान गेले. अगदी पार नाही गेले. बारीक, वरचे आवाज गेले: कुकरची शिट्टी, मोबाइलची घंटी, बोलण्यातली निम्मी अक्षरं. कानातलं यंत्र लावलं की सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं येई, म्हणून चार दिवसांत ते ड्रॉवरमध्ये जाऊन पडलं. मग घरात कागदावर बोलणं सुरू झालं. आणि कसं? जन्माची खोड ती! बळवंतराव हिरव्या कागदावर टिपणी लिहायचे: 'संध्याकाळी पिठले करावे किंवा कसे, आदेशार्थ सादर.' प्रभाताई समासात शेरा मारायच्या: 'मान्य. कांदा जास्त.' लेक हसून हसून बेजार व्हायची.

पण एक गोष्ट काही कागदावर मावेना. प्रभाताईंचे वडील, अण्णा, पखवाज वाजवायचे. डाव्या पुडीला लावायची कणीक भिजवून देणं हे लहानग्या प्रभाचं काम. अण्णा गेले, त्यांची एक कॅसेट तेवढी उरली. कान गेल्यावर अक्षयाने ती मोबाइलवर घेऊन आईला ऐकवली. नुसती टकटक. "हे अण्णा नाहीत," असं म्हणून प्रभाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या, त्या पुन्हा कधी कॅसेटचं नाव काढेनात. बळवंतरावांच्या ते फार जिव्हारी लागलं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे खालचे, जाड आवाज अजून शाबूत होते. म्हणजे अण्णा आजही ऐकू आले असते, तेवढा खोल आवाज काढणारं काहीतरी हवं होतं. तेही लवकर, कारण उरलेलं किती दिवस टिकेल हे डॉक्टरही सांगत नव्हते.

अक्षयाने नेटवर शोधून काढलं, डायपोल सबवूफर. याला डबा नसतो. जाड फळीला एक मोठं भोक पाडायचं, त्यात वूफर बसवायचा, पुढून उघडा आणि मागूनही उघडा. डब्याचा घुमारा नाही, त्यामुळे ठोका स्वच्छ. फक्त पुढची हवा मागच्या हवेला खाऊन टाकते, म्हणून वूफर चांगला दांडगा लागतो. झालं! बळवंतराव महिनाभर जमिनीवर नव्हते. मेट्रोत बसले की डोळे मिटायचे, आणि बोगद्याच्या घरघरीत त्यांना अण्णांचा डावा हात ऐकू यायचा. एकदा तर त्या नादात तीन स्टेशनं पुढे गेले.

शेवटी फाइल तयार झाली. 'विषय: वूफरची निवड.' सहा वूफरांचा तुलनात्मक तक्ता, लाल शाईने रेघा. शिफारस अठरा इंचीची. का? तर वॅट सगळ्यात जास्त आणि लोहचुंबक सगळ्यात वजनदार. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला मोठा आकडा दिसला की पुढचं काही दिसत नाही, दुसरं काय!

शनिवारी तिघंही लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात गेले. दुकानदाराने अठरा इंची धूड दोन्ही हातांनी उचलून ठेवलं. "अंकलजी, पूरी बारात हिल जाएगी!" बळवंतराव खूश. प्रभाताईंनी त्याच्या काळ्या कागदी पडद्यावर बोटं टेकली, हलकेच दाबलं. तो हलेना.

"हा वाजायचा नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हा नुसता दटावेल."

मग त्या एकेक वूफर दाबत दुकानभर फिरल्या. कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक पंधरा इंची त्यांच्या बोटांखाली खोल गेला आणि सावकाश वर आला. त्यांनी पुन्हा दाबला. चेहराच बदलला बाईंचा. "याची कणीक बरोबर बसलीय," त्या म्हणाल्या.

अक्षयाने त्याचा तपशील मोबाइलवर काढला. "बाबा, आई बिल्कुल बरोबर आहे. तुमच्यावाला डब्यासाठी बनलाय. त्याचं मॅग्नेट इतकं घट्ट धरतं की उघड्यावर खालचा सूर निघणारच नाही. हा ढिला आहे, आणि आपल्याला ढिलाच पाहिजे." प्रभाताईंनी फाइल मागून घेतली आणि तिथेच काउंटरवर शेरा मारला: 'शिफारस अमान्य. पंधरा इंची घ्यावा.' बळवंतराव घरी येईपर्यंत गाल फुगवून बसले होते.

पुढच्या रविवारी दुपारी हॉलमध्ये ऊन आलं होतं. सुताराने फळी दिली होती, पण तिचे पाय लटलट हलत होते. बळवंतराव बाजूला स्टूल घेऊन बसले आणि त्यांनी फळीची कड दोन्ही हातांनी धरली. प्रभाताई समोर खुर्चीत. अक्षयाने अण्णा लावले.

पहिला 'धा' पडला तशा प्रभाताई ताठ झाल्या. मग त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला, तालाच्या खालीला उताणा होऊ लागला, आणि समेवर टाळी नेमकी पडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अण्णा, घाई करताय हो," त्या हवेलाच म्हणाल्या, आणि हसल्या.

बळवंतरावांच्या हातात फळी थरथरत होती, पण कानात जवळजवळ काही येत नव्हतं. ऐन कडेला पुढची आणि मागची हवा एकमेकींना पुरती गिळून टाकतात. घरातली तेवढी एकच जागा मुकी होती आणि ते तिथे बसले होते. उठावं, तर फळी आडवी होणार.

"ऐकू येतंय ना हो तुम्हाला?" प्रभाताईंनी ओरडून विचारलं.

दोन वर्षं हा प्रश्न तेच बायकोला विचारत आले होते, आणि ती त्यांचं मन राखायला मान डोलवायची. बळवंतरावांनी मान डोलावली आणि फळी आणखी घट्ट धरली.