ओळींमधली वाट

याकोबमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये, एके काळी ते चालवायचे त्याच भट्टीसमोर उभा होतो. आदल्या दिवशीच रहाटणीला त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. एक गोष्ट कबूल करायची होती, पण ते औषधाच्या गुंगीत झोपलेले. तासभर उशाशी बसलो आणि तोंड न उघडता परत आलो...

मामा हे आपलं म्हणायचं. ते शेवगावकडचे ख्रिस्ती, मी लातूरकडचा. नातं फक्त भट्टीचं. तापवून कडक केलेले गिअर बाहेर आले की गार व्हायला फरशीवर दोन ओळींत मांडायचे आणि मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट ठेवायची. तिथून जाताना दोन्ही पोटऱ्या भाजायच्या. मी लांबून वळसा घालायचो. मामा उजवा पाय किंचित घासत सरळ मधून जायचे आणि मला भागूबाई म्हणायचे.

एका उन्हाळ्यात डबा खाताना त्यांनी जुन्या करारातली गोष्ट सांगितली. देवाने अब्राहामाला शब्द दिला, तुझा वंश वाढवीन, तुला भूमी देईन. करार करायची तेव्हाची रीत अशी की जनावरं मधोमध चिरून समोरासमोर मांडायची आणि त्या तुकड्यांमधून चालायचं. म्हणजे करार मोडेल त्याचं असंच होवो. पण सूर्य बुडताना अब्राहामाला गाढ झोप लागली, भयाण काळोख त्याच्यावर उतरला आणि तुकड्यांमधून एक धुमसती भट्टी आणि जळती मशाल तेवढी गेली. 

"मग अब्राहाम चाललाच नाही?" मी विचारलं.

"न्हाई. झोपला व्हता ना. देव एकटाच चालला. म्हंजी करार कुनीबी मोडू दे, भोगायचं त्यानं."

"हा कसला करार मामा? एकतर्फी!"

"व्हय, एकतर्फीच. म्हनून तर टिकला," म्हणत त्यांनी अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली.

आमच्यातही एक ठरलेलं होतं. भट्टीवर चूक झाली तर साहेबांसमोर दोघांनी मिळून उभं राहायचं. त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, मामा जेवायला गेले असताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेवता ठेवता मला झोप लागली. अख्खी बॅच वाया गेली. जाग आली तेव्हा मामा ओळींमधून पलीकडे साहेबांच्या केबिनकडे चालले होते, एकटेच. त्यांना भट्टीवरून काढून पॅकिंगला टाकलं. त्यांची जागा मला मिळाली आणि मी ती घेतली. नऊ वर्षं गप्प बसलो. तेही कधी बोलले नाहीत, पण अर्धी भाकरी शेवटपर्यंत देत राहिले. माझ्या गप्प बसण्याची मला फार लाज वाटते.

ते गेल्यानंतर दीड महिन्याने, एका गुरुवारी, आमच्या भागातल्या सुट्टीच्या दिवशी, मी वर्कशॉपला गेलो. त्या दिवशी साहेब एकटेच केबिनमध्ये कागद बघत बसतात. दुरुस्तीसाठी भट्टी सोमवारपासून बंद होती. गिअर मात्र दोन ओळींत तसेच होते. या वेळी वळसा घातला नाही. दोन पावलं टाकली आणि पोटऱ्या भाजू लागल्या. वाकून एका गिअरला हात लावला. थंडगार. पुढे हातभरावर पाय घासल्याचा आवाज येत होता... मी थांबलो की थांबायचा, चाललो की चालायचा. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन आत आलं होतं, आणि समोर कोणीही नव्हतं. घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण चालत राहिलो.

"साहेब, मामांना ज्याची शिक्षा झाली ती बॅच माझ्यामुळे गेली. मी झोपलो होतो."

साहेबांनी चष्मा काढला. "माहीत आहे, बालाजी. याकोबनं त्याच दिवशी सांगितलं होतं. तो कुठे खोटं बोलायचा? म्हणाला, 'पोरगं झोपलंय, त्याला उठवू नका. काय व्हायचं ते माझं होऊ द्या.'"

मी तिथेच रडलो. परत येताना त्या वाटेवर काहीच भाजलं नाही, आवाजही आला नाही.

आता ओळी मीच मांडतो. मधली वाट दोन माणसं जातील एवढी रुंद ठेवतो, आणि एकटा असलो तरी एका कडेनेच चालतो.