नानजिंगच्या विटा

नानजिंग ही चीनची जुनी राजधानी. तिच्या तटाच्या कडेनं सकाळी चालताना आमचे हे एका विटेपाशी थांबले. विटेवर कसलीशी अक्षरं होती. शेजारच्या विटेवरही होती.

"घ्या, इथंही आहेतच," हे वैतागून म्हणाले.

आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आपल्या बुरुजांवर बदाम असतात, बदामातून गेलेले बाण असतात आणि जोडीजोडीनं लिहिलेली नावं असतात.

आमची गाइड हसली. "ही नावं बघायला आलेल्यांची नाहीत," ती म्हणाली. "ज्यानं वीट पाडली त्याचं नाव आहे, ज्यानं भाजली त्याचं आहे. वीट कच्ची निघाली तर कुणाला धरायचं, हे तट बांधून घेणाऱ्या बादशहाला कळायला हवं ना."

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. धाकापोटी घातलेलं नाव, पण मला त्यात धाक काही दिसेना. मी स्वतः शिवणकाम करते. टीप पक्की घातलेली असली की कुणीही विचारू दे, आपण नाव सांगायला कचरत नाही. या माणसानंही मान वर करूनच ठसा मारला असणार.

दुपारी त्याच बादशहाचा राजवाडा बघायला गेलो. तिथं आता नुसती जोती उरली आहेत. तट मात्र अजून उभा आहे, आणि त्या विटेवाल्याला धरायला कुणी आलेलं नाही.